कुशाबाईंची पाटी

सर्जेराव आबा माणसं ओळखण्यात कधी चुकले नाहीत. चुकले ते फार ओळखली म्हणून.

इंदापूरच्या जुन्या भागातली दगडी धर्मशाळा पडायला आली होती. दुरुस्तीला सरकार पैसा देणार, पण दहातला एक हिस्सा लोकांनी घालायचा, असं पत्र आलं. लोकवर्गणी म्हटल्यावर सर्जेरावांशिवाय कोण? साखर कारखान्यात जन्मभर ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटलेला माणूस. कुणाची नड काय नि कुणाचा तोरा काय, सगळं तोंडपाठ.

आपल्याकडं पाटीशिवाय रुपया सुटत नाही. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर नाव, शाळेच्या घंटेवर नाव, अहो, स्मशानातल्या बाकड्यावरसुद्धा नाव. आबांनी सरळ सांगून टाकलं, जो देईल त्याची ग्रॅनाइटची पाटी धर्मशाळेच्या दर्शनी भिंतीत बसणार. झालं! महिन्याच्या आत वर्गणी पुरी.

पाटी न मागणारं माणूस एकच निघालं, शेळगावच्या कुशाबाई. त्यांच्या सासरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन जाता-येता याच धर्मशाळेत उतरायची. त्यातल्याच कुणीतरी दर्शनी भिंतीत एक धनगर कोरून ठेवला होता. खांद्यावर घोंगडी, मागं पाच मेंढरं, आणि शेवटचं कोकरू मान वळवून मागं बघणारं. कुशाबाई नवी नवरी होऊन कळपामागं चालत आल्या, तेव्हा त्यांचा पहिला मुक्काम त्या चित्राखाली पडला होता. आता कळप गेला, पोरगा ऊस लावतो, नवराही राहिला नाही. कुशाबाईंनी दोन शेळ्या विकल्या आणि सगळ्यांच्या आधी वर्गणी दिली.

"माझं नाव नगं, सर्जेराव. तेवढा आमचा धनगर नीट ऱ्हाऊ द्या."

आबांना भरून आलं. आणि तिथंच घात झाला. एवढ्या मनाच्या बाईची पाटी नाही म्हणजे काय? सगळ्यात मोठी पाटी तिची, मधोमध, बरोबर धनगराच्या खाली, आणि तिला न सांगता. बिचारी बघून हरखून जाईल, असं त्यांनी मनात धरलं.

पाट्या बसवायच्या दिवशी आबा बारामतीत होते. एका देणगीदाराच्या नावापुढं 'श्रीमंत' राहिलं होतं, त्यावरून पाटीवाल्याशी हुज्जत चाललेली. तेवढ्यात गवंड्याचा फोन आला. गवंडी परगावचा, त्या झिजलेल्या चित्राचं मोल त्याला काय ठाऊक.

"आबा, मधला दगड लई उंचसखल हाय. मोठी पाटी बसंना. जरा ग्राइंडर मारू का?"

"मार की. पण पाटी सरळ बसली पायजे."

उंचसखल कशानं, हे विचारायला कितीसा वेळ लागला असता? पण आबांचं सगळं लक्ष त्या 'श्रीमंत'मध्ये. सांजच्याला परत येऊन बघतात, तर मधोमध काळीभोर पाटी चकचकतेय आणि खाली ओट्यावर दगडाचा भुगा पडलाय. आबांनी पाटीच्या कडेकडेनं बोट फिरवून बघितलं, कोकराचा कानसुद्धा उरला नव्हता.

चारच दिवसांनी निधी देणाऱ्या सरकारी खात्याच्या राजनंदिनी मॅडम पुण्याहून पाहणीला आल्या. आबांनी पाठवलेल्या अर्जाच्या पहिल्याच पानावर त्या धनगराचा फोटो होता. फोटो हातात धरून त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. रागावल्या नाहीत.

"आबा, आम्ही याच्यासाठीच आलो होतो हो," एवढंच म्हणाल्या. निधी दुसऱ्या तालुक्याला गेला.

कुशाबाईंना हे सांगायला आबांना तोंड नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत आठवडा काढला. शेवटी बाजाराच्या दिवशी त्याच आल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि पाटीवरून हात फिरवला. त्यांना वाचता येत नव्हतं.

"हितं काय ल्हिलंय?"

"तुमचं नाव, मावशी."

"आन् धनगर?"

आबांनी सगळं सांगितलं. फोन, गवंडी, आपण दिलेला हुकूम, काही लपवलं नाही. "तुमचा मान व्हावा म्हणून केलं हो मावशी. उद्याच्या उद्या काढून टाकतो ही पाटी."

कुशाबाईंनी पाटीवरचा हात काढला. डोळे पुसले, मग म्हणाल्या, "नगा काढू. काढली तर खालचा तासल्याला दगूड उघडा पडंल. बगणारी इचारत्याल, हितलं चित्र कुणी घालवलं? तुमचं नाव निघंल. माझं हाय ते ऱ्हाऊ द्या वर."

आणि एसटी गाठायला निघून गेल्या. भर बाजारात शिव्या घातल्या असत्या तर आबांना सोसल्या असत्या. हे सोसेना.

परवा ओट्यावर टेकलेल्या गावातल्या रावजीनं पाट्या वाचल्या आणि हसला. "आबा, शेळगावच्या म्हातारीला नावाची लई हाव दिसती. मधली जागाच धरली की तिनं."

आबांनी खरं सांगायला तोंड उघडलं.

"व्हय," म्हणाले.