तारण ठेवलेला तेलाचा डबा

आधी माझं झाकण घट्ट आहे ना ते बघा, मग बोलतो. मी तेलाचा डबा. पत्र्याचा, एका बाजूला पोचा आलेला. तो पोचा कुणी पाडला हे मला अजून कळलेलं नाही, पण तीन जणांवर माझा संशय आहे.

माझं खरं आयुष्य सुरू झालं ते हालदोरच्या हाती पडल्यावर. भर हिवाळ्यात या नदीच्या मुखापर्यंत टपाल घेऊन उडणारा तो पहिला वैमानिक. धड नकाशा नव्हता, धावपट्टी नव्हती. गोठलेलं तळं दिसलं की तो विमान चाकांऐवजी लावलेल्या लांब स्कीवर घसरवत उतरवायचा. उतरल्याबरोबर इंजिनातलं गरम तेल माझ्यात काढायचा, मला घरात शेगडीजवळ ठेवायचा आणि निघताना तेल तापवून परत ओतायचा. नाहीतर आमच्याकडच्या थंडीत तेल काकवीसारखं घट्ट होतं आणि इंजिन ढिम्म हलत नाही.

हालदोर महासंशयी. मला दुसऱ्या कुणाला उचलूही द्यायचा नाही. ओतण्याआधी एक थेंब तापल्या शेगडीवर टाकून कान लावायचा. थेंब गप्प राहिला तर तेल चोख, तडतडला तर आत पाणी. त्याच्या संगतीत मीही तसाच झालो. लोक डोळ्यांत तेल घालून पहारा करतात म्हणे. माझ्या तर पोटातच तेल!

एका फेब्रुवारीत आम्ही मोदेस्त नावाच्या शिकाऱ्याच्या घरी उतरलो. त्याची बहीण फिलोमेन पोटदुखीनं तळमळत होती. दक्षिणेतल्या इस्पितळात नेलं नाही तर ती वाचणार नव्हती. पण वारं सुटलं होतं, सकाळपर्यंत थांबणं भाग होतं. आणि मोदेस्तला ती जायलाच नको होती.

"दोन वर्षांमागं माझ्या भावाला असंच विमानानं नेलं," तो म्हणाला. "ना तो आला, ना चिठ्ठी. कुठं पुरला तेही कुणी सांगेना."

"ते विमान माझं नव्हतं."

"मला सगळी सारखीच दिसतात, बाबा."

माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस काहीतरी करणार. त्याची नजर सारखी माझ्याकडे वळत होती.

सकाळी हालदोरनं पंखांवरचा बर्फ झाडला, माझं झाकण काढून मला शेगडीवर ठेवलं आणि दुसरे हातमोजे चढवून बर्फात रुतलेल्या स्की मोकळ्या करायला पुन्हा बाहेर गेला. घरात मोदेस्त लाकडं सारत होता. वरून काहीतरी गार टपकल्यासारखं मला वाटलं, पण माझं सगळं लक्ष त्याच्या हातांवर.

हालदोरनं परत येऊन थेंब टाकला. तड् तड् तड्!

"बर्फ टाकलास माझ्या तेलात?" तो गरजला. "बहिणीला इथंच मारायचंय का तुला?"

मोदेस्त जागचा हलला नाही. "वर बघ," एवढंच म्हणाला.

वर दोरीवर हालदोरचेच बर्फानं माखलेले हातमोजे वाळत होते आणि वितळून टिपटिप माझ्या उघड्या तोंडात गळत होते.

"उघड्या भांड्यावर ओलं वाळत घालू नये, हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं," मोदेस्त म्हणाला.

"दादा, तुमचं भांडण संपेस्तोवर मी चालत पोचेन हं," अंथरुणातून फिलोमेन कण्हत म्हणाली.

हालदोरचं तोंड उतरलं. "चुकलो," तो म्हणाला. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तासभर तेल कढवलं. शेवटचा थेंब मोदेस्तनं स्वतः टाकला, कान लावून ऐकला. थेंब गप्प राहिला.

"आता संशय घ्यायची पाळी माझी," तो म्हणाला. "ज्याच्यावाचून तुझं अडतं, असं काहीतरी तारण ठेवून जा."

हालदोरनं तेल इंजिनात ओतलं आणि मला मोदेस्तच्या हातात दिलं. "दुसऱ्याच्या डब्यावर माझा भरवसा नाही. याच्यासाठी मला यावंच लागेल."

चार महिने मी रोज म्हणायचो, हा काही येत नाही. जूनमध्ये नदी मोकळी झाली आणि स्कीच्या जागी तराफे लावलेलं विमान पाण्यावर उतरलं. फिलोमेन इस्पितळातल्या पेजेला नावं ठेवतच खाली आली. मोदेस्त मला परत द्यायला गेला, तर हालदोर म्हणाला, "राहू दे. पुढच्या आजाऱ्यासाठी."

त्यानं नवा डबा घेतला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण तेव्हापासून काठावरची पद्धतच पडली. ज्या घरचं माणूस हालदोर नेई, त्या घरात मी राहायचं. फिलोमेन धरून अकरा माणसं नेली, अकरा परत आणली. दोघांना शवपेटीतून आणावं लागलं, पण आणलं.

बारावा मोदेस्त. खोकल्यानं बेजार झालेला, म्हातारा. हालदोरही पिकला होता. फिलोमेननं मला उराशी धरलं आणि विमान उडालं. ते इस्पितळापर्यंत पोचलंच नाही. खूप शोधलं, काही सापडलं नाही.

त्याला सहा वर्षं झाली. लोक म्हणतात, कोसळलं. कुणी पाहिलंय? मला शंका आहे.

परवा शेजारीण माझ्यात लाकडाच्या ढलप्या भरायला निघाली. फिलोमेननं तिच्या हातातून मला हिसकावून घेतलं, पुसून कोरडं केलं आणि शेगडीजवळ ठेवलं. तुमची माझ्याकडे कधी फेरी झालीच, तर एवढंच करा: माझ्यावर ओलं काही वाळत घालू नका. तारण अजून सुटलेलं नाही.