कूलरच्या घरघरीत

कूलर बंद केला तेव्हा कुठे शालिकरामला नीट ऐकू आलं. कॅसेटमध्ये बायजाबाईचा आवाज ढोलकीखाली पार दबून गेला होता.

प्रतापनगरातल्या आपल्या खोलीत तो गाणी रेकॉर्ड करून कॅसेटी भरून द्यायचा. रेकॉर्डिंगच्या वेळी माइकपायी कूलर बंद असे. गाणारे घामाने निथळायचे, पण कुरकुर करायचे नाहीत. बायजाबाईने भीमगीत गायलं, मग तिच्या नवऱ्याने, देवरावने, ढोलकी वाजवली. दोन्ही वेगळ्या फितींवर. त्यांचा मेळ घालायला शालिकराम एकटाच बसला तेव्हा माइक नव्हता आणि बाहेर मे महिना भाजून काढत होता. त्याने खुशाल कूलर लावला. त्या घरघरीत ढोलकीचा घुमारा ऐकू येईना, म्हणून तो तिचं बटण वाढवत गेला. शहाणाच मोठा! वर काम झालं म्हणून मूळच्या फिती पुसून टाकल्या. फिती पुन्हापुन्हा वापरायची त्याची खोडच होती.

एरवी त्याने तिला परत गायला बोलावलं असतं. पण तिच्या घशात गाठ होती, उद्या ऑपरेशन. नंतर आवाज राहील की नाही, याची खात्री डॉक्टर देत नव्हते. म्हणून तर ती उमरेडहून एसटीने येऊन घाईघाईने गाऊन दवाखान्यात भरती झाली होती. तिचा आवाज जगात कुठे उरला असेल तर याच कॅसेटमध्ये.

शालिकरामने बेसचं बटण खाली आणून पाहिलं. ढोलकी उतरली, पण बायजाबाई पत्र्याच्या डब्यातून गायल्यासारखी वाटू लागली. शेवटी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून तो दवाखान्यात गेला. वाटभर तो काय सांगायचं ते जुळवत होता आणि एकही वाक्य धड जुळत नव्हतं.

बायजाबाई खाटेवर बसली होती. डॉक्टरांनी तिला बोलायची बंदी केली होती. तिने डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं. मग डोळे उघडून शालिकरामकडे पाहिलं. त्याने टेपरेकॉर्डर बंद केला.

देवराव खाली मान घालून म्हणाला, "मीच जोरात वाजवली गा. माह्या हातानं घात केला."

शालिकरामला वाटलं, सुटलो. आणि त्या वाटण्याची त्याला तिथेच शिसारी आली.

तेवढ्यात बायजाबाई बोलली. आवाज फाटलेला होता, तरी तिचाच होता. "हे खोटं बोलून राहिले. माह्या आवाजावर यायनं आजवर कधी थाप नाही टाकली."

देवरावने घाईने तिच्या ओठांवर हात ठेवला. जपून ठेवायला सांगितलेला आवाज तिने नवऱ्यासाठी खर्चून टाकला होता.

"माही चूक आहे," शालिकराम म्हणाला. "मी कूलर लावून बसलो होतो."

तिने मान हलवली. रागावली की नाही, ते त्याला कळलं नाही. समोर टेपरेकॉर्डर होता, तिचं आत्ताचं बोलणं तरी त्यात भरता आलं असतं; माइक मात्र तो घरीच ठेवून आला होता.