तिसऱ्या गाण्यानंतरचं बोलणं

"त्या कॅसेटला हात लावायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही." घरात असा नियम होता. ती कॅसेट म्हणजे मी. आज मीच बोलतेय, कारण ज्यांनी बोलायला हवं होतं ते वीस वर्षं मूग गिळून बसलेत.

कारखान्यातून मी कोरी निघाले, माझ्यासारख्या हजारोंबरोबर. एका गायिकेच्या भावाने मला दुकानातून आणलं. त्याची बहीण पॉप गाणी गायची. तिचा एकच अल्बम निघाला, आठ गाण्यांचा. केस कापायच्या दुकानात, बसमध्ये, गच्चीवरच्या नाचात, जिथे तिथे तोच. लोक हातातलं काम टाकून ठेका धरायचे. पण त्या आठांतलं एकही गाणं माझ्यात नाही. माझ्यात आहे ते त्यानंतरचं.

तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात भावाने खिडकीला गादी टेकवली, रस्त्याचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. मला यंत्रात घातलं आणि तिला समोर बसवलं.

"तीनच गाणी. तुझा आवाज राहिला पाहिजे."

ती गायली. कशी, ते मला विचारा. वर चढताना आवाज फाटायचा. ओळ अर्ध्यावर तुटायची, आणि मधल्या रिकाम्या जागेत तिचा श्वास घरघरायचा. तिसरं गाणं संपल्यावर ती म्हणाली, "दादा, हे पुसून टाक. कुणाला ऐकवू नकोस. लोकांकडे माझा चांगला आवाज आहे, तोच राहू दे."

"पुसतो," तो म्हणाला. यंत्र अजून चालू आहे, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आलीच नाही. घरी परतल्यावर त्याने स्क्रू ड्रायव्हरने माझ्या कडेचे दोन छोटे तुकडे मोडले. ज्यांनी कॅसेटी वापरल्यात त्यांना ठाऊक असेल, ते तुकडे मोडले की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, की चुकून पुसलंही जात नाही. मोडताना तो हमसून रडत होता. हेही सांगायला हवं, नाहीतर मी खोटारडी ठरेन. मग त्याने मला स्वेटरांच्या खाली ठेवलं आणि कपाट लावून टाकलं.

गायिकेची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. मामाने आणि आजीने तिला वाढवलं. ती शिकली, कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडली. आई कशी गायची हे तिने त्या आठ गाण्यांतूनच ओळखलं.

यंदा गाण्यांच्या कंपनीने तो अल्बम पुन्हा काढायचं ठरवलं. नवं वेष्टन, आणि सोबत 'कधीही न ऐकलेली तीन गाणी'. मामाने मला काही दिवसांसाठी कंपनीकडे दिलं होतं. त्यांनी माझी नक्कल केली, घरघर कापली, फाटलेल्या जागी ढोल भरले. अडलं होतं फक्त मुलीच्या सहीपाशी, कारण आईच्या गाण्यांवर हक्क तिचा.

नमुन्याची सीडी तिने ऐकली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मामा, मूळ कॅसेट ऐकते आधी."

"कशाला? त्यांनी साफसूफ करून दिलंय की! तेच आहे."

तेच असतं तर तो घाबरला नसता. एवढं तिला कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला स्वेटरांखालून काढलं आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं.

"वा, किती दिवसांनी माणसासारखं काम आलं!" तो म्हणाला. "नाहीतर आहेतच मोबाइलच्या फुटक्या काचा." पेन्सिल घालून त्याने माझी सैल फीत गुंडाळली आणि मला चालू केलं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. 'पुसून टाक'ही ऐकलं, 'पुसतो'ही. रडली नाही. दुरुस्तीवाला उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

तो नवा अल्बम कधी निघालाच, तर घ्यावा का, असं विचाराल तर ऐका. आठ गाणी तुमच्याकडे आहेतच. उरलेली तीन ही गाणी नाहीत. ते एका बाईचं गुदमरणं आहे, ढोलाखाली दाबलेलं. घेऊ नका.

रविवारी सकाळी कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. मुलीने मला त्या कागदांवर ठेवलं.

"आई काय म्हणाली होती, मामा?"

मामाने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "लोक विसरले असते गं तिला. तिचा आवाज उरावा म्हणून केलं मी."

"उरला होता की! तोच राहू दे म्हणाली होती ती. तुम्ही 'पुसतो' म्हणालात. मी कानांनी ऐकलंय."

"मोठ्यांशी असं बोलतात?" आजी कडाडली. "ज्याने तुला लहानाची मोठी केली, त्याला जाब विचारतेस?"

"मला वाढवलं म्हणून माझ्या आईचा घसा यांच्या मालकीचा होतो का, आजी?"

"ताई, चाहत्यांसाठी ही भेट आहे..." कंपनीचा माणूस मध्ये पडला.

"भेट द्यायची की नाही, हे आईने ठरवलं होतं. मरायच्या आधी तिने एकच गोष्ट मागितली. तीही तुम्हा मोठ्यांना जमली नाही." तिने मला उचलून मुठीत धरलं आणि कागद तसेच, सहीविना, पुढे सरकवले. "मी सही करणार नाही. आज नाही, कधीच नाही."

आजीने मामाकडे पाहिलं. मामाने ते कागद गोळा केले आणि कंपनीच्या माणसाच्या हातात परत दिले.