ताईच्या हातची घडी

ताईंना घडीचं वावडं होतं. धुतलेले कपडे त्या बोळा करून कपाटात कोंबायच्या. "सासूबाई, निदान चादरीची तरी घडी घाला की!" असं टुमणं सुनेने वर्षानुवर्षं लावून पाहिलं, पण ताईंचे बोळे सुरूच राहिले. ज्या बाईने युद्धाच्या काळात हवाई तळावर पॅराशूटच्या घड्या घालायची नोकरी केली, तिने असं वागावं याचं सुनेला हसू यायचं. कारण ताईंनी कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

त्यांचा धाकटा भाऊ त्याच तळावर होता. बॉम्बफेकी विमानाच्या शेपटात बसून मशीनगन चालवायचा. वय एकोणीस, अंगाने अगदी पाप्याचं पितर. सगळे त्याला बुटक्या म्हणत. त्याचं पॅराशूट ताईच बांधायच्या आणि ते ओळखू यावं म्हणून, नियम धाब्यावर बसवून, त्यांनी पिशवीवर आपल्या कोटाचं पितळी बटण शिवलं होतं. त्या शेवटच्या दिवशी नेमका भोंगा झाला, देखरेखीची बाई "आटपा, आटपा" करत डोक्यावर येऊन उभी राहिली आणि शेवटच्या दोन घड्या ताईंनी घाईघाईत उरकल्या. विमान परत आलं नाही. चाळीस वर्षं झाली, त्या दोन घड्या काही डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

आणि आज एक लंगडा म्हातारा समोर बसला होता. त्याच विमानातला वायरलेसवाला, सातांपैकी वाचलेला एकटाच.

"यंदा एक तळं आटलं, तेव्हा तळाशी आमचं विमान सापडलं," चहाला हातही न लावता तो म्हणाला. "ओळख पटवायला मला बोलावलं होतं."

ताईंनी विचारून टाकलं, "त्याचं पॅराशूट उघडलं नव्हतं ना?"

"नव्हतं."

ताईंनी डोळे मिटून घेतले. सून धावत आली.

"अहो ताई, पुरतं ऐका तरी!" म्हातारा म्हणाला. "त्या पॅराशूटला कुणी हातच लावला नव्हता. शेपटात जागा अपुरी, म्हणून तो ते पाठीवर न घेता मागे अडकवून ठेवायचा. तिथेच, विमानाच्या आत, पट्ट्यांनी बांधलेलं तसंच होतं." त्याने रुमालाची गाठ सोडली. आत हिरवं पडलेलं बटण होतं. "विमानाला आग लागलेली, माझा पाय वायरलेसच्या टेबलाखाली अडकलेला. बुटक्या मागून रांगत आला, पाय सोडवला आणि मला दारातून बाहेर ढकललं. म्हणाला, 'तू हो पुढे. माझं ताईच्या हातचं आहे, मला कसली भीती?' मला वाटत होतं, त्याने मागोमाग उडी मारली आणि त्याच पॅराशूटने दगा दिला. तुम्हाला हे कुठल्या तोंडाने येऊन सांगणार होतो?"

"मेल्या, आधी स्वतःचं घ्यायचं ना!" ताई बटणावरच डाफरल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. आपल्या हातून तो गेला नाही, हे कळून जीव हलका झाला होता. पण शेवटपर्यंत त्याने आपल्यावर केवढा भरवसा ठेवला, ते काही सोसवत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. दोरीवरून काढलेली चादर खुर्चीवर पडली होती, ती उचलली.

"ते टोक धर गं," त्या सुनेला म्हणाल्या.

सुनेने धरलं. ताईंनी चादर ताणली, कडेला कड जुळवली आणि तळव्याने एकेक सुरकुती काढली. शेवटच्या दोन घड्यांना त्यांनी भरपूर वेळ घेतला.