उस्तादाच्या तळव्यातलं कुरूप

मी एक जुनं कुरूप आहे. नाक मुरडू नका मित्रांनो! तुमच्या तळव्यातही माझं एखादं भावंड दडून बसलं असेल.

माझा जन्म एका उजव्या पायाच्या करंगळीखाली झाला. पाय होता बूट शिवणाऱ्या उस्तादाचा. गिऱ्हाइकांनी नाकारलेले बूट वाया कशाला घालवायचे, म्हणून हा पठ्ठ्या ते स्वतःच घालायचा. आतून हाड दाबायचं, बाहेरून बूट. त्या दोघांच्या भांडणात कातडी दगड झाली आणि मी चांगला मूळ धरून वाढलो.

लोक म्हणायचे, "उस्ताद, दवाखान्यात दाखवा."

"कातडं कसं तासायचं ते मला डॉक्टर शिकवणार होय?"

मग दर रविवारी पाय कोमट पाण्यात आणि रापी माझ्या डोक्यावर. रापी म्हणजे चामडं तासायचं पातं. बुटाचा तळ सोलावा तसा तो मला पापुद्र्या-पापुद्र्यानं सोलायचा. मला नुसत्या गुदगुल्या! टोपी उडाली तरी डोकं शाबूत. आठवड्यात मी पुन्हा हजर. असा टोचायचो, की उस्ताद भर दुकानात एका पायावर नाचायचा. मजा यायची, खोटं कशाला बोलू?

एक दिवस मी टोचलो आणि तो नाचलाच नाही. पुन्हा टोचलो. ढिम्म!

"गेलं बघ एकदाचं!" त्यानं बायकोला ऐकवलं. "शेवटी कुणाच्या हाताला यश आलं?"

"अहो, साखर तपासायला सांगितली होती ना?"

"तू चहात घालतेस तेवढी आहे की!"

मी कुठं गेलो होतो? साखरेनं त्याच्या पायाच्या नसा मारल्या होत्या. पुढच्या रविवारी रापी खोल गेली, तरी त्याला कळलं नाही. रक्त दिसलं तशी त्यानं चिंधी गुंडाळली आणि वर तोच बूट चढवला. चिंधीखाली पू साचू लागला. माझी मजा तिथंच संपली. मी बोंबलत होतो, पण ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

शेवटी मुलगी दुकानात आली. "बाबा, इथं काय मेलंय?" म्हणत ती उंदीर शोधायला टेबलाखाली वाकली. मेली होती ती करंगळी. काळी ठिक्कर.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर उस्ताद जागा होता, कमरेखाली फक्त बधिर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आला असतात, तर खालचं हाड जरासं घासून कुरूप कायमचं काढलं असतं. आता करंगळी जाणार. मागचं हाडही सडलं असेल, तर अख्खं पाऊलच कापावं लागेल."

करंगळी निघाली. तिच्यासोबत मीही स्टीलच्या ताटलीत. मग मागच्या हाडाचा पहिला तुकडा आला, भिजल्या पुठ्ठ्यासारखा. दुसराही तसाच.

"अजून किती, बाई?"

"बोलू नका, पडून राहा."

तिसऱ्या वेळी टक्क आवाज आला.

"घट्ट हाड लागलं. पाऊल वाचलं उस्ताद."



मित्रांनो, मला आता दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतायत, म्हणून घाईत सांगतो. दुखतंय तोवर दवाखाना गाठा. आणि दुखणं आपोआप थांबलं, तर खूश होऊ नका. बूट काढा, पाय वर घ्या, तळवा नीट बघा. वाकता येत नसेल तर घरच्यांना दाखवा. लाज कसली? वास सुटल्यावर त्यांना बघावंच लागतं.