अमीरुन्निसाचा कोप

फडकं आणि हातोडी.
वेलचीचा वास.
पांढरी शुभ्र पँट.
सोनेरी रंगाची डबी, झाकण चिकटलेलं.

मित्रांनो, मी एक जुना कोप आहे. शहरातले लोक मला कप म्हणतात. रत्नागिरीकडची अमीरुन्निसा मात्र कोपच म्हणते. आखाती देशातल्या मत्रह बंदराच्या बाजारामागच्या खोलीत तिचा नवरा मजीद वीस वर्षं माझ्यातून चहा प्यायला. चहा मुरून माझ्या अंगावर तपकिरी जाळी उमटली. तो वारल्यावर ती माझ्यातून पिऊ लागली.

एकदा माझा कान तुटला. तिथून जवळच कुरुम या श्रीमंत वस्तीत उल्हासचं शोभेच्या वस्तूंचं दुकान आहे. तो फुटकी भांडी जपानी पद्धतीनं सोन्यानं जोडतो असं ऐकून ती मला घेऊन गेली.

"खाला, हे तर वाबी-साबी!" माझ्या जाळीवरून बोट फिरवत तो म्हणाला. "जुनेपणाचं सौंदर्य!"

"साबी कोण? हा मजीदचा कोप आहे. फक्त कान लावून द्या, उल्हासभाऊ."

ती गेली. उल्हासला वाटलं, एका कानाला सोनं कितीसं दिसणार? त्यानं मला फडक्यात गुंडाळलं, हातोडी उचलली आणि

सात तुकडे.

जपानात म्हणे वापरताना फुटलेलं भांडं झाडाच्या चिकानं सांधतात, सांध्यावर सोनं लावतात, घाई करत नाहीत. यानं झटपट गोंद लावला, वर सोनेरी रंग फासला. काचेच्या कपाटात ठेवलं. लोकांनी वाहवा केली. मी तेव्हाच ठरवलं.

अमीरुन्निसा तीनदा आली. "माझा कोप?"

"तो आता कप नाही, कलाकृती आहे. प्रदर्शनानंतर बघू, इन्शाल्ला."

प्रदर्शनात त्याला पाहुण्यांसमोर माझ्यातून चहा प्यायचा होता. तिलाच म्हणाला, "खाला, तुमच्या हातचा चहा आणा."

"कोमट आणू की उकळता?"

"उकळता! फोटोत वाफ छान दिसते."

तिनं थर्मास उघडला. माझ्यात काठोकाठ ओतला. त्यानं मला उचललं, कॅमेऱ्याकडे पाहून हसला. गोंद मऊ होत होता. मी थोडं थांबलो. मग सगळे सांधे

एकदम

सोडले.

त्याची पांढरी पँट तपकिरी झाली. तो टुणटुण उड्या मारत होता. मी सात तोंडांनी हसलो.

अमीरुन्निसानं तुकडे ओढणीत वेचले. "खलास," ती म्हणाली. "उल्हासभाऊ, आता कळलं, कोप कशाला म्हणतात?"

मित्रांनो, मोडलेल्याला जपा. पण सुंदर दिसावं म्हणून कुणाला मोडू नका. आम्ही विसरत नाही.

कान तुटला होता तेव्हा माझ्यातून चहाचा एक थेंबही गळत नव्हता.