सरकारतर्फे

अर्जाच्या तिसऱ्या ओळीत ‘जनहितास्तव’ हा शब्द आला आणि सरकारी वकीलबाईंनी तोंडातला चहाचा घोट परत कपात सोडला. समोर बसलेल्या मोठ्या वकिलांचं तिकडे लक्ष नव्हतं. दातांत अडकलेलं काहीतरी ते व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने काढत होते. निघालं तेव्हा त्यांनी ते निरखून पाहिलं, कार्ड पँटला पुसलं आणि खिशात ठेवलं.

“फक्त सही,” ते म्हणाले. “अकराला कोर्टापुढे ठेवायचा, बारापर्यंत विषय संपला. उद्या तुमचा नोकरीतला शेवटचा दिवस. जाता जाता कशाला कुणाशी वाकडं घ्यायचं?”

मोठे वकील बाईंचे वरिष्ठ, आणि त्यांना वरून कुणाचा फोन आला हे विचारायची त्या कचेरीत पद्धत नव्हती. खटला होता धान्यबाजाराच्या सभापतींच्या पुतण्यावर. आठ वर्षांपूर्वी त्याने भरबाजारात मापाड्याच्या, म्हणजे धान्य तोलून देणाऱ्या माणसाच्या, कोपरावर काट्याची लोखंडी दांडी घातली होती. मापाड्याचा गुन्हा एवढाच, की कमी भरलेली पोती पुरी लिहायला त्याने नकार दिला. हाड वाकडं जुळलं. पाहणारे चाळीसजण होते, पोलिसांना जबाब देणारे, मापाडी धरून, चार. त्यांतले तिघे एकेक करून विसरले. उरला फक्त मापाडी.

खटला मागे घ्यायचा तर अर्जावर सरकारी वकिलाचीच सही लागते. असे अकरा अर्ज बाईंनी एकोणतीस वर्षांत दिले होते. कचेरीत त्यांच्यामागे त्यांना ‘ब्याण्णव टक्के’ म्हणत. शंभरातल्या ब्याण्णव खटल्यांत त्यांनी शिक्षा लावून घेतली होती. मागे घेतलेला खटला हरलेल्यांत धरत नाहीत, हे बोलणाऱ्यांनाही ठाऊक होतं आणि बाईंनाही. सही करताना त्या मजकूर वाचत नसत. आज कसा कोण जाणे, वाचला गेला. ‘दोन्ही बाजूंत सलोखा नांदावा व बाजाराची शांतता अबाधित राहावी म्हणून, जनहितास्तव...’

सही मात्र त्यांनी केली. हात चालला आणि झाली.

मग त्या मागच्या नळावर गेल्या. साबणाची वडी वितळून बशीत बुळबुळीत झाली होती, तिच्यात कुणाचा तरी केस रुतला होता. त्यांनी नुसत्या पाण्याने हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. 

न्यायाधीश बाईंहून वीस वर्षांनी लहान होते. आरोपीच्या कठड्यात पुतण्या मोबाइल पालथा धरून उभा होता, लग्नाला आल्यासारखा इस्त्रीच्या कपड्यांत. अर्ज वाचून न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला. कायद्याने तो विचारावाच लागतो, आणि त्याचं उत्तर आजवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

“वकीलबाई, हा अर्ज तुम्ही स्वतः विचार करून दिलाय ना?”

न्यायाधीशांनी ‘होय’ लिहायला पेन टेकवलंही होतं.

“नाही,” बाई म्हणाल्या.

 आपणच बोललो का, हे पाहायला बाईंनी क्षणभर शेजारी नजर टाकली.

“म्हणजे?”

“विचार नाही केला, साहेब. सही केली.”

न्यायाधीशांनी टेकवलेलं पेन उचललं. मग अर्ज फेटाळला, आणि मापाड्याची साक्ष दुसऱ्याच दिवशी ठेवली. बाहेर पडताना बाईंचे पाय हलके झाले होते. 

व्हरांड्यात मापाडी उभा होता. उजवा हात त्याने डाव्याने पोटाशी धरला होता. तो आता हात जोडणार, आभार मानणार, या अंदाजाने बाई थोड्या हसल्या.

“काय केलंत बाई तुम्ही हे?” तो म्हणाला.

“खटला वाचवला तुमचा.”

“माझा कुठला? पोरीला त्यांनी बाजाराच्या हापिसात घेतलंय. कायमची नोकरी. पत्र दिलंय हातात. केस मागे घेतली की हजर करून घेणार होते.” त्याचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला. “मार मी खाल्ला. मागे घ्यायचं की नाही, मला विचारलं कुणी? नाही घ्यायचं, ते तरी विचारलं?”

“अहो, पण त्या माणसाला शिक्षा—”

“आठ वर्षं तारखा पडतायत. आठ वर्षांत तुम्ही माझ्याशी किती वेळा बोललात?”

बाई आठवू लागल्या. त्यालाच कीव आली असावी.

“आजची दुसरी वेळ,” तो म्हणाला. “पहिल्यांदा, ‘बाजूला व्हा, वाटेत उभे राहू नका’ म्हणाला होतात. उद्या तुम्ही मोकळ्या, बाई. आम्ही तिथंच.”

तो गेला. बाईंच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. पण या वेळी ते अर्जामुळे नव्हतं आणि मोठ्या वकिलांच्या दातांमुळेही नव्हतं. दोन मिनिटांपूर्वीचं आपलं हसू त्यांना आठवलं होतं.

घरी त्यांची थोरली बहीण होती. नवरा गेल्यापासून ताई बाईंकडेच राहायची आणि बाईंना घरातही कोर्टात हजर करायची. जेवणं झाल्यावर बाईंनी सगळं सांगितलं. ताई मटार सोलत ऐकत होती.

“एकोणतीस वर्षांत एकदा खरं बोललीस, तर केवढा गोंधळ घातलास,” ती म्हणाली.

“चुकलं का माझं?”

“ते मला काय विचारतेस? त्याला विचारायचं होतंस.” ताईने एक किडका दाणा बाजूला टाकला. “तुला लहानपणापासून ही खोड. हात स्वच्छ व्हायला हवेत तुझे. पाणी कुणाच्या अंगावर उडतं ते बघत नाहीस.”

 बाईंनी सालं गोळा केली, टाकून आल्या, आणि परत येऊन ताईसमोर बसल्या. ताईने तोवर विषय बदलला होता.

दुसऱ्या दिवशी मापाड्याने डावा हात वर करून शपथ घेतली. दाराशी त्याची मुलगी उभी होती. हातात लिफाफा, आणि तो चुरगळू नये म्हणून दोन्ही तळव्यांत धरलेला. पुतण्याच्या वकिलाने तिच्याकडे पाहून ओळखीचं स्मित केलं.

“हात कसा मोडला तुमचा?” बाईंनी विचारलं.

“पडलो.”

“कुठून?”

“काट्यावरून.”

धान्याचा काटा जमिनीपासून वीतभर उंच असतो. पुतण्याचा वकील फिसकन हसला, मग पुतण्याही. कागद आवरल्याचं निमित्त करून मोठ्या वकिलांच्या खोलीतला शिपाईही हसला. मापाडी कुणाकडेच पाहत नव्हता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ते किती अवघड जातं, हे बाईंनी त्या खोलीत शेकडो वेळा पाहिलं होतं आणि त्याचा फायदाही घेतला होता.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. “वकीलबाई, पोलिसांपुढचा जबाब वेगळा आहे. साक्षीदाराला फितूर ठरवून उलटतपासणी घ्यायचीय?”

घेतली असती तर दहा मिनिटांत मापाडी रडकुंडीला आला असता. बाईंना ते उत्तम येत होतं. जुना जबाब तोंडावर वाचायचा, डॉक्टरांचा दाखला नाचवायचा, ‘मग तेव्हा खोटं बोललात की आत्ता?’ असं विचारायचं. कदाचित शिक्षाही लागली असती.

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग कठड्यातल्या मापाड्याकडे.

“नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “फितूर त्यांना कसं म्हणू?”

न्यायाधीश थांबले. मग लेखनिकाला म्हणाले, “‘नाही’ एवढंच घ्या.”

मापाडी उतरला. बाईंच्या टेबलाजवळून जाताना तो थांबला नाही. दारात मुलीने त्याचा वाकडा हात धरला आणि दोघं जिना उतरले. पुतण्या मात्र मुद्दाम टेबलापाशी आला. अत्तराचा भपकारा आला.

“थँक यू, मॅडम. पुढच्या आयुष्याला शुभेच्छा.” त्याने हात पुढे केला. गुबगुबीत, ओलसर हात. बाई त्या हाताकडे पाहत राहिल्या, तो आपणहून खाली जाईपर्यंत.

पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. सायकल चोरल्याचा आरोप. पाच महिने कोठडीत असलेला एक माणूस पोलिसाने आणून उभा केला. त्याच्या शर्टाला गुंड्या दोनच होत्या. जामीन द्यायला कुणी नव्हतं. कबूल केलं तर भोगली तेवढी कैद हीच शिक्षा धरून आजच सुटका, हे त्याला आत कुणीतरी समजावलं असणार. नेहमीसारखं.

“गुन्हा कबूल आहे?” न्यायाधीशांनी विचारलं.

“कबूल.”

“सरकारतर्फे काही हरकत?”

‘हरकत नाही’ म्हणायला उठावंही लागत नसे. बाई उठल्या. टेबलाला वळसा घालून त्या कठड्यापाशी गेल्या, इतक्या जवळ की तो माणूस दचकून एक पाऊल मागे सरला.

“साहेब, दहा मिनिटं हवीत,” त्या न्यायाधीशांना म्हणाल्या. मग त्या माणसाकडे वळल्या. पहिला शब्द काय उच्चारावा, हे त्यांना सुचेना.

“बसा आधी,” त्या म्हणाल्या. “काय झालं होतं?”